वाड्यातलं नाणं मिळालं, पण ते होतं कुठे?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या अंकात जुन्या वाड्यांच्या आवारात मेटल डिटेक्टर घेऊन नाणी शोधणाऱ्या तरुणांवर तुम्ही जवळजवळ अर्धं पान दिलंत. फोटो मस्तच होता, तळहातावर काळपट हिरवी तांब्याची नाणी आणि मागे पडका दिंडी दरवाजा. पोरं इतिहासप्रेमी आहेत असं त्यात दोनतीनदा आलंय. असतील, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ती नाणी वाड्यात नेमकी कुठे मिळाली, किती खोल, सोबत काय होतं, वाड्याच्या मालकाला विचारलं होतं का आणि आता ती कोणाच्या कपाटात आहेत, यातलं एक अक्षर अख्ख्या बातमीत नाही. मशीन कुठल्या कंपनीचं ते मात्र आहे.

मी स्वतः नाण्यांच्या नादातला माणूस. अल्बम आहेत, भिंग आहे, छोटा वजनकाटा आहे, घरच्यांची बोलणी आहेत, सगळं आहे. त्यामुळे हे पत्र नाणी जमवणाऱ्यांच्या विरोधात आहे असं कोणी समजू नये आणि मशीनच्या विरोधात तर नाहीच नाही. उलट माझं म्हणणं असंय की हे मशीन वाड्यांमध्ये यायलाच पाहिजे, फक्त आत्ता जे चाललंय तसं नको.

आत्ता काय चाललंय ते मी जवळून बघितलंय. आमच्या नात्यातला एक वाडा आहे, निम्मा पडलेला, निम्मा भाऊबंदकीत अडकलेला, चौकात एरंड माजलाय आणि माजघराचं छप्पर केव्हाच बसलंय. त्या घरातल्या एका उत्साही भाच्याने ओळखीतून दोन मशीनवाले बोलावले होते. पोरं चांगली होती, नम्र होती, आल्याआल्या म्हाताऱ्यांच्या पाया पडली. मग हेडफोन लावून परसदारातून सुरुवात केली. ती तबकडी जमिनीलगत हळूहळू डावीउजवीकडे फिरवायची, टोन आला की थांबायचं, स्क्रीनवरचा नंबर बघायचा, आणि नंबर आवडला तर खुरप्याने बचकभर माती उलटायची. पहिल्यांदा बाटलीची बुचं निघाली, मग टॉर्चचा जुना सेल, मग सायकलच्या घंटीचं झाकण. नंतर न्हाणीघराच्या मागे, जिथे सांडपाण्याची मोरी बाहेर पडते तिथे, एकदम खणखणीत टोन आला आणि वीतभर मातीखालून एक शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, निघालं. पोराने तिला थुंकी लावून अंगठ्याने घासली, 'छत्र पति' ही अक्षरं दिसायला लागली तशी सगळ्यांनी आरडाओरडा केला, फोटो निघाले. त्यानंतर अजून दोन तांब्याची मिळाली, एक पितळी कडं मिळालं. दुपारी जेवताना मी सहज विचारलं की बाबा ही दुसरी नाणी कुठल्या खड्ड्यातली, तर दोघं एकमेकांकडे बघायला लागले. तिन्ही नाणी एकाच खिशात होती ना.

आता यावर लोक म्हणतात, काय फरक पडतो, नाणं तर मिळालं! फरक असा पडतो की शिवराई हे नाणं एकट्याने फार काही सांगत नाही. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली हे शाळेतल्या पोरालाही माहितीय, एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. पण ही नाणी तिथेच थांबली नाहीत. पुढच्या छत्रपतींच्या काळात, पेशवाईत, अनेक ठिकाणी, अनेक हातांनी शिवराया पडत राहिल्या, अक्षरांची वळणं बदलली, कुठे 'शिव'चा 'सिव' झाला, आणि दुदांडी शिवराई म्हणतात ती तर पेशवाई बुडाल्यानंतर इंग्रजांच्या अमलात पाडलेली. बाजारात तर ही नाणी एकोणिसाव्या शतकात पार शेवटापर्यंत फिरत होती. म्हणजे परसदारात शिवराई मिळाली म्हणून वाडा शिवकालीन असं होत नाही, जरी व्हॉट्सॲपवर दुसऱ्या मिनिटाला तसंच फिरायला लागलं तरी. (आमच्या त्या वाड्याचंही फिरलं. वाडा फार तर दीडपावणेदोनशे वर्षांचा असेल.)

मग नाणं कशाने बोलतं? शेजारच्या वस्तूंनी बोलतं. समजा जोत्याच्या चिऱ्याखाली, बांधकामाच्या वेळी भरलेल्या मुरुमात एक शिवराई आणि तिच्याच बाजूला १८३५ साल घातलेला ईस्ट इंडिया कंपनीचा पाव आणा मिळाला, तर झालं, ते जोतं १८३५च्या आधीचं असूच शकत नाही, घराण्याची कैफियत काहीही म्हणो. उलट पागेच्या जागेत, नालांच्या आणि खिळ्यांच्या थरात नुसत्याच शिवराया असतील आणि कंपनीचं एकही नाणं नसेल तर पागा केव्हा ओस पडली याचा अंदाज बांधता येतो. उकिरड्यात मिळालेलं नाणं पडलेलं असतं, उंबऱ्याखालचं बहुतेक मुद्दाम ठेवलेलं असतं, चुलीखाली मडक्यात असलं तर कोणीतरी घाईत पुरलेलं असतं आणि परत घ्यायला आलेलं नसतं. तीच शिवराई, तेच वजन, पण तीन वेगळ्या गोष्टी. जमिनीतून उपसून खिशात टाकली की तिन्ही गोष्टी गेल्या, उरलं तांबं. आणि खरं सांगायचं तर साध्या शिवरायांना बाजारातही काही फार भाव नसतो, कारण त्या पुष्कळ आहेत. म्हणजे पैसेही नाहीत आणि माहितीही नाही, हा कसला व्यवहार?

ज्यांनी हे मशीन वापरलेलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. तबकडीत तारेची वेटोळी असतात, त्यातून वीज सोडली की जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, खाली धातू असला की त्यात बारीक प्रवाह फिरायला लागतात आणि त्याचा प्रतिसाद दुसरं वेटोळं पकडतं. चांदी-तांब्यातून वीज सहज वाहते म्हणून त्यांचा नंबर वर लागतो, लोखंडाचा खाली. एकटंदुकटं नाणं साधारण वीतभर खोलीपर्यंत कळतं, मोठा हंडा वगैरे त्याहून खोलवरचा. आता गोम बघा, लोखंडाचा आवाज कंटाळवाणा म्हणून बहुतेक जण सेटिंगमध्ये लोखंड बंदच करून टाकतात. आणि वाड्याचं अर्धं शास्त्र लोखंडात असतं! घडीव चौकोनी खिळे, कड्या-कोयंडे, बिजागऱ्या, घोड्याचे नाल, विळ्याची पाती. लोहाराने हाताने ठोकलेला चौकोनी खिळा आणि कारखान्यातला गोल तारेचा खिळा यातला फरक कळला की कुठली भिंत मूळची आणि कुठली मागाहून घातलेली हे सांगता येतं. त्या दिवशी असे घडीव खिळे ढिगाने निघाले होते, पोरांनी ते कचरा म्हणून एरंडात फेकले.

आणि ते थुंकी लावून घासणं. घरी नेल्यावर मग चिंच, लिंबू, व्हिनेगर, कोणी तर टॉयलेट क्लीनरसुद्धा वापरतं, नाणं नव्यासारखं लालभडक करून इन्स्टावर टाकतात. तांब्यावरचा हिरवट-काळा थर म्हणजे घाण नव्हे, तो निघाला की खालची झिजलेली अक्षरंही बऱ्याचदा त्याच्याबरोबर जातात आणि जाणकार संग्राहक असलं नाणं हातात घेऊन परत खाली ठेवतो. एवढं तरी नाण्यांच्या नादातल्यांनी पोरांना सांगायला हवं होतं. आम्ही सांगत नाही कारण आम्हालाच त्यांच्याकडून स्वस्तात नाणी हवी असतात. हे आमच्या हौशी जमातीबद्दल लिहितोय, कोणाला लागलं तर लागू दे.

एकत्र मिळालेला ठेवा एकत्रच राहिला तर काय होतं याचं आपल्याच मातीतलं उदाहरण म्हणजे जोगळटेंभी. नाशिक जिल्ह्यातल्या या गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा ठेवा मिळाला, तेरा हजारांवर नाणी, सगळी क्षहरात घराण्यातल्या नहपान या क्षत्रप राजाची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे मारलेले होते, म्हणजे जवळजवळ सत्तर टक्के. गौतमीपुत्राने नहपानाचा पाडाव करून त्याचा पैसा आपल्या नावाने चालवला ही गोष्ट त्या ढिगाऱ्यातून धडधडीत समोर आली. आता हाच ठेवा आजच्यासारखा दहा जणांनी वाटून घेतला असता, शंभर-शंभरची पाकिटं करून ऑनलाइन विकला असता, तर एखाद्याकडे दोन ठशांचं एक नाणं असतं, तो म्हणाला असता मिंटिंग एरर आहे, रेअर आहे. बाराच्या भावात इतिहास! सत्तर टक्के हा आकडाच मुळात सगळी नाणी एका जागी मोजली म्हणून मिळाला.

उलट बाजूचं उदाहरण दायमाबादचं. प्रवरेकाठी श्रीरामपूर तालुक्यात १९७४ साली एका गावकऱ्याला झुडपाचं खोड उपटताना ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या, बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, चारी मिळून साठ किलोच्या वर. ते शेवटी सरकारकडे पोचलं हे आपलं नशीब, आज ती शिल्पं म्युझियममध्ये बघता येतात. पण त्या वस्तू पुरातत्त्ववाल्यांनी थराथराने खणून काढलेल्या नव्हत्या, म्हणून त्या कुठल्या काळातल्या यावर मोठमोठ्या अभ्यासकांची जुंपली. बरेच जण उत्तर हडप्पाकाळातल्या, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या टप्प्यातल्या, म्हणतात, तर डी. पी. अग्रवालांसारख्या शास्त्रज्ञाने धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून त्या बऱ्याच नंतरच्या असू शकतील असं मांडलं. एवढी जगप्रसिद्ध शिल्पं आणि वयावर भांडण! तिथे त्या बिचाऱ्या गावकऱ्याचा काही दोष नाही, तो झुडूप काढत होता. पण जो माणूस मुद्दाम मशीन घेऊन शोधायलाच गेलाय त्याला ही सबब कशी चालेल?

आता कायदा. बातमीत हा शब्दच नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो, सांभाळून घ्या. १८७८चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट आजही आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही, म्हणजे भिंतीतसुद्धा बरं का, दडलेली किमती वस्तू मिळाली आणि तिची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल तर ज्याला मिळाली त्याने कलेक्टरला लेखी कळवायचं, काय मिळालं, अंदाजे किती किमतीचं, कुठे मिळालं आणि केव्हा. ठेवा सरकारी तिजोरीत जमा करायचा किंवा मागतील तेव्हा हजर करीन म्हणून जामीन द्यायचा. हे दहा रुपये १८७८चे, तेव्हा एक रुपया म्हणजे तोळाभर चांदीचं नाणं, म्हणजे दहा तोळे चांदी. आजच्या दहा रुपयांत काय बसतं ते तुम्हीच सांगा, कुठलंही बरं नाणं मर्यादेच्या वरच जाणार. मग कलेक्टर जाहीर नोटीस काढतो, हक्क सांगणाऱ्यांना चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख देतो, चौकशी होते. ठेवा गेल्या शंभर वर्षांत कोणीतरी लपवलेला वाटला आणि त्याचा वारस पुढे आला तर प्रकरण दिवाणी कोर्टात. कोणीच मालक नाही असं ठरलं आणि ठेवा शोधणारा व जागेचा मालक यांच्यात आधीचा काही करार नसेल तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला, एक चतुर्थांश जागेच्या मालकाला! सरकारला तो ठेवा हवा असला तर धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश देऊन ते घेऊ शकतं. कळवलंच नाही तर मात्र हिस्सा गेला, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

हे वाचून वाड्यांचे मालक चमकतील. तुमच्या पडक्या भिंतीतून गवंड्याला हंडी मिळाली तर कायदा गवंड्याला ठेवा शोधणारा धरतो. म्हणूनच बहुतेक वेळा मालक आणि ठेकेदार रात्रीतच मिटवामिटवी करतात, आणि पाचपंचवीस वर्षांनी गावात नुसती कुजबुज उरते की अमक्याच्या वाड्यात घबाड मिळालं होतं, म्हणूनच त्याचा बंगला झाला. घबाड किती, कुठल्या टांकसाळीचं, चांदवडी रुपये की अंकुशी, काही माहीत नाही, सगळं सोनाराच्या मुशीत गेलेलं.

शिवाय वाडा किंवा गढी संरक्षित स्मारक असेल तर मग विषयच वेगळा, केंद्राचा १९५८चा आणि राज्याचा १९६०चा कायदा आहे, परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा. किल्ल्यांचंही तेच. जुलै २०२५मध्ये आपले अकरा किल्ले आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, आपण पेढे वाटले, आणि त्याच गडांच्या घेऱ्यातली नाणी विकायला काढलेल्या पोस्ट अजून दिसतात, खाली हात जोडलेले इमोजी. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते परस्पर देशाबाहेर पाठवता येत नाही, पण त्या पोस्टवाल्यांना वर्ल्डवाइड शिपिंग लिहिताना काहीच वाटत नाही.

कायदा सांगितला की पोरं लगेच इंग्लंडचे व्हिडिओ दाखवतात, तिकडे बघा कसं मोकळं आहे. अहो, तिकडे मोकळं नाहीये. तिकडे शेतकऱ्याची परवानगी लागते, संरक्षित जागी मशीन चालत नाही, आणि १९९६च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे ठेवा मिळाल्यावर चौदा दिवसांत कळवावं लागतं. २००९चा स्टॅफर्डशायरचा सोन्याचा ठेवा आठवतोय का, मशीनवाल्याने कळवलं, बत्तीस लाख पौंडांवर बक्षीस ठरलं आणि ते त्याने आणि शेतकऱ्याने निम्मं-निम्मं घेतलं. आणि २०१५ला हेरफर्डशायरमध्ये दोघांना असाच ठेवा मिळाला, त्यांनी लपवला, नाणी इकडेतिकडे विकली. अंदाजे तीनशे नाण्यांपैकी तीसएक हाती लागली, आणि २०१९ला एकाला दहा आणि दुसऱ्याला साडेआठ वर्षांची शिक्षा झाली. ही दुसरी गोष्ट कुठलंच चॅनेल दाखवत नाही. पण तिकडची जी गोष्ट खरंच घेण्यासारखी आहे ती वेगळीच, १९९७पासून त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत असे अधिकारी नेमले की साध्या माणसाने साधं मिळालेलं नाणं घेऊन जायचं, ते त्याची नोंद करतात, नकाशावर जागा टिपतात आणि नाणं बहुतेक वेळा परत देतात. आतापर्यंत पंधरा लाखांवर वस्तूंची नोंद झालीय. घाबरवलं नाही म्हणून लोक आले.

आपल्याकडे काय होतं? माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना घर दुरुस्त करताना कोनाड्यामागे जुनी चांदीची नाणी मिळाली, प्रामाणिक माणूस, कागद लिहून एका सरकारी कार्यालयात गेला. तिथे पहिल्या टेबलाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने विचारलं हे पोलिसात दिलंय का, तिसऱ्याने विचारलं एवढीच होती का. 'एवढीच होती का' हे ऐकल्यावर तो माणूस घामाघूम. पुढच्या वेळी त्याच्या गल्लीतला कोणी जाईल का? मशीनवाल्या पोरांना चोर म्हणणं सोपं आहे, पण सरळ वागणाऱ्याला सरळ रस्ता आपण ठेवलाय कुठे?

आणि रस्ता नसला की मग ती जागा कोण घेतं हे महाराष्ट्राला चांगलं माहीत आहे. गुप्तधन! पायाळू माणूस आणा, अमावस्या बघा, नारळ-लिंबू, त्याच्याही पुढचे भयंकर प्रकार. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावाखालच्या अघोरी प्रकारांचा वेगळा उल्लेख करावा लागला यातच सगळं आलं. आता मांत्रिकाच्या हातात मेटल डिटेक्टर आलाय एवढाच काय तो विज्ञानाचा प्रसार. मार्च २०२५मध्ये एका सिनेमानंतर बऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याशी काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, मुघलांचं सोनं आहे म्हणून लोक रात्री टॉर्च आणि मशीन घेऊन शेतं खणत होते. ज्याचं शेत होतं त्याला कोणी विचारलं असेल असं वाटत नाही.

बरं, मशीन चांगल्या हातात पडलं तर काय होतं? अमेरिकेत तिथलं लष्कर आणि मूळ रहिवासी यांच्यात लिटल बिगहॉर्नची लढाई झाली १८७६ला. १९८३ला तिथलं गवत वणव्यात जळालं, जमीन उघडी पडली, आणि १९८४पासून पुरातत्त्वज्ञांनी हौशी मशीनवाल्यांनाच बोलावलं. काम वाटून दिलं, मशीनवाल्यांनी ओळीत चालायचं, टोन आला की तिथे फक्त झेंडी लावायची, खणायचं दुसऱ्यांनी, मोजमाप तिसऱ्यांनी. गोळ्या आणि काडतुसांच्या जागा नकाशावर मांडल्या तर कोण कुठून लढला, कुठे सरकला, फळी कशी मोडली ते दिसायला लागलं. तेच मशीन आणि तसेच हौशी लोक! आपल्या खर्ड्याच्या मैदानावर, जिथे १७९५ला मराठे आणि निजाम भिडले, असं काम झालं तर काय काय कळेल याचा विचार करूनच मला झोप लागत नाही.

वाड्यांचं तर याहून तातडीचं आहे. पुण्यातल्या पेठा, सातारा, वाई, नाशिक, पैठण, सगळीकडे वाडे पडतायत, सहा-सात मजली इमारती होतायत. पाडापाडी झाली की जेसीबी येतो, जोतं उखडतो, माती ट्रकमध्ये भरतो आणि कुठल्या तरी नाल्याकाठी ओततो. गावाकडच्या गढ्यांची पांढरी माती तर लोक घराला आणि शेतात घालायला पिढ्यान्‌पिढ्या नेतायत, त्यातून किती नाणी गेली असतील देव जाणे. तिथे मी मशीनवाल्या पोरांना नाही म्हणायला जाणार नाही, कारण त्यांनी नाही काढलं तर ते जेसीबीच्या बादलीत जाणारच आहे. पण जेसीबीच्या आधी आठवडाभर जवळच्या कॉलेजच्या इतिहास विभागाने, म्युझियमवाल्यांनी, मालकाच्या लेखी परवानगीने आणि पुरातत्त्व खात्याला कळवून, याच पोरांना घेऊन आवार पिंजून काढायला काय हरकत आहे? दोरी लावून चौकोन पाडायचे, लोखंडासकट प्रत्येक टोनला झेंडी, प्रत्येक वस्तूला वेगळी पिशवी, पिशवीवर चौकोनाचा नंबर आणि खोली, काढण्याआधी फोटो. मोबाइलमध्ये जीपीएस सगळ्यांकडेच आहे, पण वाड्याच्या आवारात त्याच्या भरवशावर राहू नका, तो काही मीटर इकडेतिकडे दाखवतो, साध्या टेपने दोन पक्क्या कोपऱ्यांपासून मोजा. मिळालेलं काय आहे ते ओळखायला माणसं आहेत, नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, डेक्कन कॉलेज आहे.

एक कबूल करायला हवं की प्रत्येक नाण्याला अशी जागा नसते. पैठण-नेवाशाकडे गोदा-प्रवरेच्या पात्रात झारेकरी लोक वाळू गाळून नाणी काढत आलेत, नदीने वाहून आणलेल्या नाण्याचा मूळ पत्ता तसाही पुसलेला असतो, तिथे मी कोणाशी वाद घालणार नाही. वाड्याचं आवार मात्र जागचं हललेलं नसतं, मोरी तिथेच असते, चूल तिथेच असते, पागेचे खुंटे तिथेच असतात.

तुमच्याकडे मागणं दोन. एक, बातमीतल्या त्या पोरांना परत गाठा आणि नाणी घरी आहेत तोवर, कुठला चौक, कुठली भिंत, किती वीत, आठवेल तेवढं त्यांच्याकडून कागदावर उतरवून घ्या, अजून महिना झालेला नाही, आठवत असेल. आणि कलेक्टर ऑफिसला कळवायचं राहिलं असेल तर तो अर्ज कसा लिहायचा हे त्यांना कोणीतरी सांगा, लागला तर मी लिहून देतो. दुसरं, राज्यातल्या कलेक्टर कचेऱ्यांमध्ये असा ठेवा घेऊन माणूस आला तर तो कुठल्या टेबलाने घ्यायचा, पावती कशावर द्यायची, हे तुमच्या जिल्हा वार्ताहरांनी एकदा विचारून छापा. पावती हा मुद्दा मुद्दाम लिहितोय, कारण आमच्या त्या गृहस्थांना अजून मिळालेली नाही.

कळावे,
एक नाणेवेडा वाचक